रक्तपेढीच्या फोनला पर्यायी सर्व्हर: क्रम कसा लावला (प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५)

२ जून, सोमवार

आजपासून काम सुरू. रक्तपेढीचा नंबर एकच, चोवीस तास चालणारा. पुण्याच्या मुख्य इमारतीत दोन सर्व्हर, नागपूर केंद्रात एक. नोंदींत त्यांना पुणे-१, पुणे-२ आणि नागपूर म्हणेन. तिन्हींवर ॲस्टेरिस्क, म्हणजे कॉल जोडणारं सॉफ्टवेअर, आहे. बाहेरून येणारे कॉल आधी कामाइलियो नावाच्या प्रोग्रामकडे येतात आणि तो ते या तिघांपैकी एकाकडे पाठवतो. असे दाराशी बसलेले कामाइलियो दोन आहेत, एक पुण्यात, एक नागपुरात. टेबलावरचे फोन मात्र थेट ॲस्टेरिस्कशी बोलतात.

हे काम का निघालं ते लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभरात सगळं नुसतं आकड्यांचं होऊन जातं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पुणे-१ अडकला. दुसरा सर्व्हर शेजारच्याच रॅकमध्ये चालू होता, पण त्याच्याकडे कॉल वळलेच नाहीत. सकाळी एक गृहस्थ हडपसरहून स्कूटरवर आले आणि काउंटरवर मोबाइल पुढे धरला. आमच्या नंबरला लावलेले चौदा कॉल, एकाखाली एक. मुलाला डेंग्यू, प्लेटलेट हव्या होत्या. त्या आमच्याकडे होत्या. रक्तपेढीच्या मॅडमनी तो प्रसंग रजिस्टरमध्ये लिहून ठेवलाय, आज मला पान उघडून दाखवलं. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात. एवढं जपून ठेवलेलं असताना फोन लागला नाही म्हणून ते कुणाला मिळू नये, हे मला सहन होत नाही.

गणपतीच्या आधी, म्हणजे २७ ऑगस्टच्या आत, संपवायचं आहे.

५ जून, गुरुवार

पहिलं मोजमाप. पुणे-१ ची नेटवर्क केबल काढली आणि टेबलावरच्या फोनवरून बाहेर कॉल लावला. हातात घड्याळ. रिसीव्हरमध्ये पूर्ण शांतता. रिंग नाही, एंगेज टोन नाही, काही नाही. बत्तीस सेकंदांनी फोन पुणे-२ कडे वळला आणि कॉल लागला.

हे बत्तीस सेकंद बिघाडाचे नाहीत, नियमातले आहेत. सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत. तिचं २००२ सालचं मुख्य प्रमाण, आरएफसी ३२६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), त्यात टी-१ नावाचा काळ अर्धा सेकंद धरलाय आणि उत्तराची वाट त्याच्या ६४ पट पाहायची असं ठरवलंय. पॅकेट पकडून पाहिली: इन्व्हाइट, म्हणजे कॉलची हाक, गेलं, मग ०.५ सेकंदाला पुन्हा, मग १.५, ३.५, ७.५, १५.५ आणि ३१.५ ला. सात वेळा तीच हाक, दर वेळी आधीच्या दुप्पट थांबून. बत्तिसाव्या सेकंदाला फोन म्हणतो, हा सर्व्हर नाही, पुढचा बघू.

घाबरलेला माणूस बत्तीस सेकंद शांतता ऐकत थांबत नाही. दहाव्या सेकंदाला ठेवतो आणि पुन्हा लावतो, की पुन्हा पहिल्यापासून तीच रांग. चौदा कॉलचा उलगडा बहुधा असाच आहे.

११ जून, बुधवार

गेल्या वर्षीच्या चाचणीचे कागद मिळाले. त्यात 'बॅकअपवर एका सेकंदाच्या आत गेला' असं लिहिलंय. खोटं नाही ते. चाचणी घेताना त्यांनी सर्व्हरवरची सेवा नीट बंद केली होती. सेवा बंद असली तरी मशीन जिवंत असतं, ते लगेच कळवतं की इथे कुणी ऐकत नाही, आणि समोरचा ताबडतोब पुढच्याकडे जातो. केबल काढली, वीज गेली किंवा मशीन गोठलं तर नकार द्यायलाही कुणी नसतं. नकार लवकर कळतो. गप्प बसलेल्याची वाट पाहावी लागते.

म्हणून यापुढे प्रत्येक चाचणी केबल ओढूनच. माझ्या ज्युनियरला सांगून ठेवलं.

१८ जून, बुधवार

दोन दिवस एक चूक चालू होती, ती आज सापडली. सविस्तर लिहितो.

टेबलावरच्या फोनांसाठी क्रम डीएनएसमधल्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतल्या) एसआरव्ही नोंदीत असतो. कोणत्या सर्व्हरकडे आधी जायचं ते ही नोंद सांगते. २००० सालच्या आरएफसी २७८२ प्रमाणे प्रत्येक सर्व्हरला ० ते ६५५३५ मधला प्राधान्य-आकडा द्यायचा, आणि ज्याचा आकडा लहान तो पहिला. ईमेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदींसारखंच. मी पुणे-१ ला १०, पुढच्यांना २० आणि ३० दिले. मध्ये जागा सोडलेली बरी, नंतर एखादा घुसवता येतो.

तोच तक्ता कामाइलियोच्या डिस्पॅचर यादीत, म्हणजे कॉल कुणाकडे पाठवायचा त्या यादीत, उतरवला. तिथे उलटं आहे, ज्याचा आकडा मोठा तो पहिला! म्हणजे टेबलावरचे फोन पुणे-१ शी बोलत होते आणि बाहेरून येणारा प्रत्येक कॉल सर्वांत जुन्या पुणे-२ कडे जात होता. कुणालाच कळलं नाही, कारण पुणे-२ सुद्धा ठीक चालतोय. कॉल लागतायत, आवाज स्वच्छ, तक्रार नाही. आज सहज रॅकपाशी उभा होतो, तर जुन्या मशीनचा पंखा भणाणत होता आणि नवं गार पडलं होतं. तेव्हा शंका आली.

क्रम चुकला की लगेच काही बिघडत नाही, हीच यातली भीती. ज्या दिवशी खरंच गरज पडेल त्या दिवशीच कळेल की रांगेत पहिला उभा होता तो शेवटचा होता.

दोन सर्व्हरमध्ये एकच पत्ता फिरवणारं व्हीआरआरपी आहे, त्यातही मोठा आकडा जिंकतो. एका रॅकमध्ये तीन यंत्रणा आणि त्यांत दोन उलटे अर्थ. म्हणून आमच्या तक्त्यात आता आकडे लिहायचे नाहीत असं ठरवलं. 'पहिला', 'दुसरा', 'तिसरा' असे शब्द लिहायचे, आणि त्यावरून प्रत्येक यंत्रणेची फाइल एक छोटी स्क्रिप्ट बनवते. हाताने आकडा टाकणं बंद.

२५ जून, बुधवार

आजच्याच तारखेला, २५ जून २०२३ च्या रविवारी, ब्रिटनमधली ९९९ ही आणीबाणीची सेवा कोलमडली होती. ती सेवा बीटी चालवते. त्यांच्या नियामकाचा, ऑफकॉमचा, निकाल आज मॅडमना वाचून दाखवला. सर्व्हरवरच्या एका फाइलमधल्या सेटिंगची चूक. साडेदहा तास त्रास चालला, १२,३९२ जणांचे मिळून जवळपास १४ हजार कॉल लागले नाहीत. जुलै २०२४ मध्ये १ कोटी ७५ लाख पौंड दंड झाला.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. त्यांच्याकडे पर्यायी यंत्रणा होती. तिच्यावर जायचा पहिला प्रयत्न फसला, कारण कसं जायचं ते नीट लिहिलेलं नव्हतं आणि कामावरच्या लोकांना त्याची सवय नव्हती. दुसऱ्यांदा जमलं, तर त्या यंत्रणेला तेवढा भार पेलवेना.

मॅडम थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडे रात्री दोनला काउंटरवर जो असेल त्याला काय करायचं हे ठाऊक आहे का?" नाही. त्याला काही करावं लागूच नये, असं बांधायचं. आणि करावंच लागलं तर एका पानावर मराठीत लिहिलेलं भिंतीवर असावं.

३ जुलै, गुरुवार

दुसरा कोण, यावर आज दोन तास वाद. ज्युनियरचं म्हणणं, पुणे-१ नंतर पुणे-२ हे सरळ आहे. तो शेजारी आहे, एकाच स्विचवर आहे, आणि एखादं मशीन बिघडलं तर नागपूरला कशाला जायचं?

मी त्याला खाली घेऊन गेलो. दोन्ही रॅकच्या वायरी एकाच यूपीएसवर. दोन्हींची फायबर एकाच पाइपातून भिंतीबाहेर पडते, आणि त्या पाइपाच्या तोंडाशी पावसाचं पाणी साचलं होतं. कागदावर दोन सर्व्हर, पण मरण एकच. मशीन बिघडण्याच्या प्रसंगात पुणे-२ उपयोगी आहे. वीज, पाणी, आग, खोदकाम यांत तो पुणे-१ बरोबरच जातो, आणि वर प्रत्येक कॉल करणाऱ्याचे आणखी बत्तीस सेकंद खातो. दोन मेलेले ओळीने ठेवले की चौसष्ट.

कॅनडातल्या रॉजर्सचं ८ जुलै २०२२ चं उदाहरण सांगितलं. मोबाइल आणि वायरलाइन या त्यांच्या दोन सेवा, पण दोन्हींचा गाभा एकच. तो पडल्यावर दोन्ही एकदम गेल्या. टॉवर मात्र चालू राहिले, म्हणून हातातल्या फोनना वाटत राहिलं की नेटवर्क आहे, आणि ९११ या आणीबाणीच्या नंबरसाठी ते दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर सरकेनात. अर्धवट जिवंत असण्याचा हा तोटा.

ज्युनियरने आवाजाच्या विलंबाचा मुद्दा काढला. रास्त मुद्दा. पण आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत चालतो, आणि पुणे-नागपूर त्याच्या जवळपासही पोचत नाही. आम्ही दोघांनी नागपूरमार्गे बोलून पाहिलं, फरक कळला नाही.

ठरलं: पहिला पुणे-१, दुसरा नागपूर, तिसरा पुणे-२. बॅकअपचा क्रम मशीनच्या ताकदीवर लावायचा नाही. पहिल्याशी तो काय काय वाटून घेतो, त्यावर लावायचा.

९ जुलै, बुधवार

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक काका आहेत, सगळी हयात एक्स्चेंजमध्ये गेलेली. त्यांना चहाला बोलावलं. क्रम ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "नागपूरला जागा किती?"

एसएस-७, म्हणजे एक्स्चेंजनी एकमेकांना कॉलचे निरोप द्यायची जुनी पद्धत, तिच्या काळातली गोष्ट त्यांनी सांगितली. सिग्नलिंगचे मार्ग जोडीने असायचे आणि प्रत्येक लिंक ०.४ एरलांगपर्यंतच भरायची (एक लाइन सतत भरलेली म्हणजे एक एरलांग). अर्ध्याहून जास्त रिकामी ठेवायची, कारण जोडीदार पडला की त्याचं सगळं ओझं हिच्यावर येणार आणि तरी ती ०.८ च्या वर जाता कामा नये. "रिकामं दिसतंय म्हणून भरायचं नाही. ती जागा दुसऱ्याची आहे," काका म्हणाले.

मग वहीवर हिशेब मांडला. डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडे गर्दीच्या तासाला १२० कॉल, सरासरी चार मिनिटांचा एक. म्हणजे ८ एरलांग. पुण्याला ३० चॅनेल, म्हणजे एका वेळी ३० कॉल, काही चिंता नाही. नागपूरला फक्त १०. एरलांग-बी च्या सूत्राने १० चॅनेलवर ८ एरलांग टाकले की शंभरातल्या बारा जणांना लाइन व्यस्त मिळते. १५ चॅनेल केले तर शंभरात एकापेक्षाही कमी, ०.९ टक्के. पाच चॅनेलचा फरक! आम्ही नागपूरला दुसरा क्रमांक दिला होता, पण त्याच्या अंगात ते बळ आहे का, हे पाहिलंच नव्हतं. आजच सेवा देणाऱ्या कंपनीला १५ चॅनेलचं पत्र पाठवलं.

१७ जुलै, गुरुवार

सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला.

पुणे-१ ची केबल काढली. बाहेर जाणारा कॉल नागपूरमार्गे व्यवस्थित गेला. बाहेरून येणारा कॉल कामाइलियोने नागपूरला दिला, नागपूर सर्व्हरने तो पुण्याच्या काउंटरवरच्या फोनला द्यायला घेतला, आणि सांगितलं की असा फोन माझ्याकडे नोंदलेलाच नाही. बरोबरच होतं. त्या फोनची नोंदणी पुणे-१ कडे होती, नागपूरला त्याचा पत्ताच माहीत नव्हता. नोंदणी नव्याने व्हायला एक तास, कारण फोनमध्ये ३६०० सेकंद घातलेले.

म्हणजे रस्ता वळवला, पण नव्या गावात आमचं घर कुणाला ठाऊक नाही. पर्यायी सर्व्हरचा क्रम लावताना बहुतेक जण बाहेर जाणाऱ्या कॉलचाच विचार करतात. रक्तपेढीला येणारा कॉल महत्त्वाचा.

उपाय दोन. एक म्हणजे नोंदणीचा काळ १२० सेकंद, तरीही दोन मिनिटं जातातच. दुसरा उपाय पक्का: प्रत्येक फोनने एकाच वेळी पुणे-१ आणि नागपूर, दोन्हीकडे नोंदलेलं राहायचं. एका फोनने अशा अनेक वाटा जिवंत ठेवण्याची पद्धत आरएफसी ५६२६ मध्ये २००९ सालीच लिहिलेली आहे. आमच्या काही फोनना ती येत नाही, पण दोन खाती ठेवता येतात. प्रत्येक फोनवर दुसरं खातं नागपूरचं टाकलं, सगळ्या केंद्रांत मिळून एकतीस फोन. ज्युनियर आणि मी दुपारभर तेच करत होतो. संध्याकाळी केबल काढली, येणारा कॉल काउंटरवर वाजला.

डीएनएसबद्दल एक गैरसमजही आज मिटला. एसआरव्हीचा टीटीएल, म्हणजे एकदा घेतलेली नोंद किती वेळ वापरायची तो काळ, दिवसभराचा होता, मला वाटायचं तो कमी केल्याशिवाय बॅकअप चालणार नाही. तसं नाही. फोनजवळ पूर्ण यादी आधीच असते, पहिला मेला की तो दुसऱ्याकडे जातो, डीएनएसला पुन्हा विचारत नाही. टीटीएल आड येतो तो आपण क्रमच बदलला तर. तरी ३०० सेकंद करून ठेवला.

२२ जुलै, मंगळवार

आज माझ्या हातून चूक झाली, पंचवीस मिनिटं लोकांना त्रास झाला.

कामाइलियोत दोन टायमर आहेत. एफआर टायमर म्हणजे समोरून काहीच उत्तर आलं नाही तर किती थांबायचं, तो मुळात ३० सेकंद. एफआर इन्व्ह टायमर म्हणजे 'वाजतंय' असं कळल्यानंतर कुणी उचलेपर्यंत किती थांबायचं. मला पहिला कमी करायचा होता, घाईत दुसरा चार सेकंद केला. मग काय, पुण्याच्या काउंटरवर फोन दोनदा वाजे, हात पोचेपर्यंत बंद होई आणि कॉल नागपूरला जाई.

नागपूरच्या भाऊंचा फोन आला, "काहो, पुण्याचे लोकं आमच्याकडं काहून विचारून राह्यले?" तेव्हा कळलं. चालू वेळेत बदल करायला नको होता. मॅडमना जाऊन सांगितलं. त्या पंचवीस मिनिटांतल्या सगळ्या नंबरांना ज्युनियरने आणि मी परत फोन केले. एका बाईंना बॉम्बे रक्तगटाची चौकशी करायची होती. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला हा गट, फार थोड्या लोकांत सापडणारा. असा कॉल चुकला असता तर पुन्हा कुठे शोधायचं?

आता एफआर टायमर २ सेकंद, दुसरा ९० सेकंद. जिवंत ॲस्टेरिस्क इन्व्हाइट मिळताच 'प्रयत्न चालू' असं कळवतो, त्यामुळे दोन सेकंद पुरेसे आहेत. शिवाय कामाइलियो दर १० सेकंदांनी तिन्ही सर्व्हरना ऑप्शन्स, म्हणजे 'आहेस का?' असा निरोप, पाठवून हजेरी घेतो. दोन हजेऱ्या चुकल्या की तो सर्व्हर यादीतून बाजूला. त्यामुळे बहुतेक कॉलना ते दोन सेकंदही थांबावं लागत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

हजेरीला 'हो' म्हणतो, पण काम करत नाही, असं आज पुणे-२ ने दाखवलं. डेटाबेस अडकलेला, ऑप्शन्सला मात्र उत्तर २०० ओके, म्हणजे 'सगळं ठीक'. आता दर मिनिटाला एक खरा चाचणी-कॉल जातो, रांगेतून डेटाबेसपर्यंत जाऊन परत येतो. दोनदा फसला की त्या सर्व्हरवर आपोआप 'बंद' अशी खूण.

परत येण्याचंही ठरवलं. पावसात वीज येते-जाते, आणि पुणे-१ उठला की लगेच त्याच्याकडे कॉल वळवले तर दर दोन मिनिटांनी ओढाताण होईल. सलग ३० हजेऱ्या, म्हणजे पाच मिनिटं, नीट दिल्या तरच तो पुन्हा पहिला. देखभालीसाठी आपणच सर्व्हर उतरवायचा असेल तर त्याला ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही', असं म्हणायला लावायचं, कॉल लगेच पुढे सरकतो.

नागपूरचे १५ चॅनेल मिळाले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी शेवटची कवायत. मॅडम स्वतः थांबल्या होत्या. यूपीएसचा मुख्य स्विच मी खाली केला. पुण्याचा कामाइलियो, पुणे-१, पुणे-२, सगळं एकदम गेलं. काउंटरवरच्या फोनना वेगळी छोटी बॅटरी आणि वेगळ्या बाजूने आलेली इंटरनेट लाइन दिलीय, ते चालू राहिले. काउंटरवरच्या मुलाला आधी काहीच सांगितलं नव्हतं.

ज्युनियरने बाहेरून मोबाइलवरून लावला. बाहेरची कंपनी पुण्याचं दार बंद पाहून नागपूरच्या दाराकडे गेली, तिथून नागपूर सर्व्हर, तिथून परत पुण्याच्या काउंटरवर. बोट दाबल्यापासून रिंग वाजेपर्यंत सहा सेकंद. त्यातले चार बाहेरच्या कंपनीच्या टायमरचे आहेत, तो आमच्या हातात नाही. पत्र लिहितोय.

ज्युनियरचा कॉल संपतो न संपतो तोच पुन्हा रिंग. आमच्यापैकी कुणी लावला नव्हता. पलीकडून ससूनजवळून कुणीतरी बोलत होतं, ओ निगेटिव्हची एक पिशवी हवी होती. काउंटरवरच्या मुलाने फ्रिज उघडला, पिशवीवरची तारीख मोठ्याने वाचली, म्हणाला, "आहे. या. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाच्या रक्ताचा नमुना आणा." त्याने रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, ११:५२. तो कॉल नागपूरहून फिरून आला हे त्याला कळलंही नाही.

बारा वाजता स्विच वर केला. १२:०९ ला पुणे-१ पुन्हा पहिला.

उद्या: पाइपाचं तोंड बुजवणाऱ्या गवंड्याला फोन. भिंतीवरचं पान लॅमिनेट करून आणायचं. पुणे-२ ला दुसऱ्या यूपीएसवर हलवायचं.